हातावरची वस्ती

५ डिसेंबर, गुरुवार

मानसीने आज मला दोनशे पानी वही आणून दिली. म्हणाली, आजी, रोज अंगाला काय लावलंस, कशाने धुतलंस, कोणाकोणाला हात लावलास ते सगळं यात लिहायचं. मी म्हटलं, बाये, माझी चौथी झालेली, ती पण वालावलच्या शाळेत, तिथले मास्तर अर्धा वेळ भातलावणीला असायचे. तर म्हणते, तू बोलतेस तसंच लिही, मला तेच हवंय. आता नात एवढं म्हणते तर लिहायला माझं काय जातंय. दुपारी सिरियल बघण्यापेक्षा हे बरं.

विषय असा की माणसाच्या कातडीवर जंतू राहतात. मानसी एमएस्सीला आहे, तिचा अभ्यासच जंतूंचा. म्हणते, आंघोळ केली तरी ते असतातच, आणि एकाच माणसाच्या अंगावर जागेजागी वेगळे. कपाळावर तेलकटपणा आवडणारे, बगलेत घाम आवडणारे, पायाच्या बेचक्यात तिसरेच. कोपरापासून मनगटापर्यंत जातीच जाती, आणि कानामागे सगळ्यात कमी. मी म्हटलं, म्हणजे आपल्या मुलुंडसारखंच झालं की. इकडे पूर्वेला आपण, स्टेशन ओलांडलं की गुजराती, पुढे सिंधी, मध्येच साउथवाल्यांचं देऊळ. ती हसत सुटली. म्हणाली, आजी, त्यातले बरेच चांगले असतात, वाईटाला घरात शिरू देत नाहीत. म्हणजे वॉचमन. आमच्या सोसायटीच्या वॉचमनपेक्षा बरे म्हणायचे.

घरातली माणसं पण लिहायला सांगितलीत. मी द्रौपदी, वय चौऱ्याहत्तर. नातू हर्षद, त्याची बायको निधी, त्यांचा तीन महिन्यांचा बाबू. कागदावर त्याचं नाव इवान आहे, पण मला ते हाक मारल्यासारखं वाटत नाही. आणि मानसी, हर्षदची धाकटी बहीण. माझा मुलगा चंद्रप्रकाश आणि सून रिटायर होऊन गावच्या घरी गेले. दोघं नोकरीला जायची, म्हणून ही दोन्ही पोरं माझ्याच पायांवर वाढली.

आता आजचं. सकाळी साबणाने आंघोळ. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, घट मांडला, म्हणजे हळद-कुंकू, पाच पानं, नारळ यांना हात. नंतर बाबूला न्हाऊ घातलं. ते नीट लिहिते, कारण ते कोणाला येत नाही आता. पाय लांब करून पाटावर बसायचं, बाळ नडग्यांवर पालथं. तेल तळहातावर घेतलं की आधी हात नाकाला लावून वास घ्यायचा. खवट तेल लागलं तर बाळाला फोड येतात, हे मला माझ्या सासूने शिकवलं. वास बरोबर असला की मग चोळायचं. पाठ, मांड्या, मान वळली की तिथली घडी. या सोसायटीतली किती पोरं माझ्या पायांवर न्हाली. पाणी ओतायला मानसी असते. तिच्याइतकी धार कोणाला धरता येत नाही.

इतकं करूनही बाबूला मानेखाली आणि जांघेत पुळ्या येतात. पू धरतो. दोनदा औषध झालं, जातात आणि परत येतात. निधीचा जीव खालीवर होतो. मी म्हणते उष्णता आहे, सब्जाचं पाणी पी. ती हो म्हणते आणि पीत नाही.

७ डिसेंबर, शनिवार

आज माझी तपासणी झाली. मानसीने बजावलं होतं की काल संध्याकाळपासून साबण लावायचा नाही. पण कॉलेजात आपलं अंग जाणार, आणि असंच मळकट पाठवायचं? पहाटे उठून गुपचूप शिकेकाई लावून कोपरापर्यंत घासून घेतलं. मानसी वास घेऊनच समजली. मानसी, हे वाचशील तेव्हा रागावू नकोस. डॉक्टरकडे जाताना माणूस नवी साडी नेसतो, तसंच ते.

मग दुपारपर्यंत थांबली. लांब कापसाच्या काड्या, प्रत्येक काडीची वेगळी नळी. कपाळ, कानामागे, हात, तळवा, बेंबी. बेंबीला मला इतकं हसू आलं की काडी पडली आणि दुसरी घ्यावी लागली. नाकात मात्र फिरवून फिरवून घेतलं. दोन्ही नाकपुड्या, आणि परत एकदा. मी विचारलं, कातडीचा अभ्यास तर नाकात कशाला? म्हणाली, नाक पण कातडीच, आतली. शिकलेल्यांचं काही वेगळंच.

हर्षद सगळा वेळ दारात उभा राहून बघत होता. एरवी शनिवारी अकराशिवाय उठत नाही. मी म्हटलं, तुझी पण घे म्हणावं, तर हसला आणि बाबूला उचलून गेला. नाकाची एक नळी मानसीने वेगळ्या पिशवीत घातली. बाकीच्या थर्मासच्या डब्यात. काम किती नेटकं माझ्या पोरीचं.

संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या नीलमला सगळं सांगून आले. नीलम नर्स होती, आता रिटायर. म्हणाली, काकी, तुमची मजा आहे.

८ डिसेंबर, रविवार

काही विशेष नाही. तांदळाचं पीठ चाळलं. हर्षद दिवसभर घरी, म्हणजे बाबूची चैन. याची एक सवय, बाळाच्या मानेत नाक खुपसून फुर्रर करतो, बाबू खिदळतो. रोज कामावरून आल्या आल्या हेच, चपला काढायच्या आधी. याचा बाप पण असंच करायचा.

वही मानसीला वाचायला दिली. तिने अंथरुणात बसून वाचली. मोबाइलवर फोटो पण काढले. माझ्या अक्षराचे.

११ डिसेंबर, बुधवार

आज माझी वस्ती बघितली. मानसीने कॉलेजातून फोटो आणले. काचेच्या बशा, त्यात खिमटीसारखं काहीतरी घट्ट, आणि त्यावर ठिपके. एक एक ठिपका म्हणजे लाखो जंतूंचं घर. हाताच्या बशीत पांढरे, पिवळट, एक गुलाबी, एक सुरकुतलेला. म्हणाली, आजी, वर्गात सगळ्यांचे हात बघितले, तुझ्यावर सगळ्यात जास्त प्रकार निघाले, सर पण म्हणाले, या बाई कोण? मी म्हटलं, सांग त्यांना, माती, शेण, मासे, पीठ, पोरं, कशाला हात लावायचा राहिला नाही म्हणावं.

शेवटची बशी सोनेरी ठिपक्यांची. छान गोल, पिवळेधमक, पुतळ्यांच्या माळेतल्या पुतळ्यांसारखे. विचारलं, हे कुठले? म्हणाली, नाकातले. मी म्हटलं, बघ, सोनं आहे माझ्या नाकात, उगाच नथ घालत होते. मानसी हसली नाही. मोबाइल बंद केला आणि भूक लागली म्हणाली. दमते पोरगी.

१२ डिसेंबर, गुरुवार

आज बाबूची आंघोळ नाही. निधी म्हणाली, आजी, काल लस दिलीय, दोन दिवस नको. बरोबर आहे, अंग दुखत असेल.

पण मला लसीचं काल कोणी बोललं नव्हतं.

१६ डिसेंबर, सोमवार

आज पाचवा दिवस. आधी लस, मग सर्दी, मग म्हणे डॉक्टरांनी तेल बंद करायला सांगितलं, नुसतं पुसून घ्यायचं. निधी दार लावून आत पुसते. बाबूचं रडणं ऐकू येतं. पाण्याने नाही रडत तो, कधीच नाही. मी पाट घासून उन्हात ठेवला.

मानसीला विचारलं, तुला काही माहीत आहे का. म्हणाली, असेल काहीतरी, वहिनी घाबरट आहे. आणि पाठीमागून मला मिठी मारली, पण तोंड दाखवलं नाही.

खरं लिहायचं तर मला निधीचा राग आलाय. बोरिवलीची आहे, तिच्या आईचा रोज फोन येतो, तिथूनच काहीतरी आलं असणार. परक्या घरची पोर, तिला माझा हात काय कळणार. हे वाचून मानसी निधीला सांगणार नाही एवढा माझा तिच्यावर भरवसा आहे.

हात आज: साबण दोनदा. बाळाला लावला नाही.

२० डिसेंबर, शुक्रवार

ही वही आता मानसीला देणार नाही.

सकाळी फ्रिजवरची फडकी काढताना खाली एक पाकीट होतं. त्यावर इंग्रजीत माझं नाव. बँकेत सही करून करून माझं नाव मला वाचता येतं. खाली बाबूचं पण, ते पण पाळण्याच्या पाटीवर बघून ओळखते. मला वाटलं कॉलेजचं आलं असेल, सरांनी काही लिहून दिलं असेल. हौसेने नीलमकडे घेऊन गेले.

नीलमने चष्मा लावून वाचलं, परत वाचलं. मग म्हणाली, काकी, हे कॉलेजचं नाही. लॅबचं आहे, पैसे भरून करतात ते. बाबूच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं. बाबूच्या पुळीतला पू आणि तुमचं नाक, दोन्ही तपासलंय. दोन्हीत एकच जंतू आहे.

तारीख सात डिसेंबर. वेगळ्या पिशवीतली नळी.

नीलम चांगली बाई. म्हणाली, हा बऱ्याच लोकांच्या नाकात असतो, त्या माणसाला काही होत नाही, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. चहा ठेवते म्हणाली. मी नको म्हटलं. पाकीट होतं तिथे नेऊन ठेवलं, फडकी वर.

मला जंतूचं काही वाटलं नाही. मला सरळ सांगितलं असतं तरी मी बाबूला हात लावला नसता. चंद्रप्रकाश लहान असताना मला खरूज झाली होती, दीड महिना त्याला जवळ घेतलं नाही, शेजारणीने न्हाऊ घातलं. मला कळतं. पण मी बेंबी दाखवून हसत बसले होते, आणि ही दोघं माझी खोड काढल्यासारखी माझं नाक पुसून नेत होती.

संध्याकाळी मानसी आली, आजी वही दे म्हणाली. मी म्हटलं, पेन संपलं.

२२ डिसेंबर, रविवार

मी वाट बघितली की कोणी आपणहून सांगेल. आज सांगितलं. जेवण झाल्यावर हर्षदने टीव्ही बंद केला आणि माझ्यासमोर मोड्यावर बसला. निधी बाबूला घेऊन दारात. मानसी खिडकीपाशी.

हर्षद म्हणाला, बाळाच्या पुळ्या जात नव्हत्या म्हणून डॉक्टरांनी सांगितलं की त्याला जो रोज हाताळतो त्याची तपासणी करा. तुला वाईट वाटेल म्हणून कॉलेजचं म्हणून सांगितलं. मग मोबाइल काढून वाचू लागला. "तेल तळहातावर घेतलं की आधी हात नाकाला लावून वास घ्यायचा." माझं अक्षर. माझी काना-मात्रा चुकलेली ओळ तो मोठ्याने वाचत होता, वकिलासारखी.

"असंच पसरतं ते, आजी. नाकातून हाताला, हातातून बाळाला. तू समजून घेशील."

मी विचारलं. "बाकी कोणाचं नाक तपासलंत?"

हर्षद म्हणाला, "फक्त तुझंच. तूच तर त्याला तासतासभर हाताळतेस."

मानसी लाद्यांकडे बघत होती. निधी रडायला लागली. "आजी, मी आधीच म्हणत होते, सरळ सांगू. यांनी ऐकलं नाही." मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की मी हिच्याबद्दल वहीत वाईट लिहिलं. सोळा तारखेचं. ते खोडत नाही, लिहिलंय ते लिहिलंय.

डॉक्टरांनी मलम दिलंय. नाकात लावायचं, दिवसातून दोनदा, पाच दिवस. मला हर्षद लावून देतो म्हणाला. मी म्हटलं, नाक माझं आहे, मला सापडतं.

२३ डिसेंबर, सोमवार

मलम दोनदा. कोणाला हात लावला नाही. नारळ खवला, तो पण हातमोजे घालून.

२६ डिसेंबर, गुरुवार

खालच्या ऋतिकाला मुलगी झाली, चौदा दिवसांची. आज ती आणि तिचा नवरा सिद्धेश दोघं वर आले. साडी घेऊन, नारळ घेऊन, वाकून नमस्कार केला. सिद्धेशला मीच न्हाऊ घातलं होतं, याची टाळू भरायला किती दिवस लागले ते मला अजून आठवतं. म्हणाला, आजी, पोरीला पण तुमचाच हात लागू दे.

मी नको म्हटलं. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. ऋतिकाचा चेहरा उतरला. सिद्धेश म्हणाला, मग बाबूला? मी म्हटलं, त्याला पण बंद केलंय.

ती गेल्यावर हात बघत बसले. एवढी वर्षं या हाताला कोणी नाव ठेवलं नव्हतं. भाकरी म्हणू नका, लोणचं म्हणू नका, सगळे म्हणायचे द्रौपदीचा हात लागला की झालं. मानसीने सांगितलेलं आठवलं, बरेच चांगले असतात, राखण करतात. असतील. पण मला आता कोण कुठला ते ओळखता येत नाही. स्वतःच्या हाताशी बोलायची सोय राहिली नाही. आणि त्याचा दोष मी जंतूंना देत नाही.

आज हात सात वेळा धुतला. बोटांची कातडी सुरकुतली.

२८ डिसेंबर, शनिवार

दुपारी हर्षद आणि निधी बाबूला घेऊन डॉक्टरकडे गेले. पुळ्या परत आल्यात. मी पंधरा दिवस त्याला शिवले नाही, तरी आल्या. मी बघितलं सगळ्यांकडे.

मानसी घरीच थांबली. मी तांदूळ निवडत होते. माझ्यासमोर येऊन बसली, ताटातले खडे काढू लागली. मग म्हणाली, "आजी, मी सगळ्यांचं घेतलं होतं. कॉलेजात. तुझं, माझं, वहिनीचं, दादाचं."

मी हात थांबवला नाही.

"दादाच्या बशीवर पण तेच निघालं. सोनेरी. तुझ्यापेक्षा दाट. माझ्या आणि वहिनीच्या नाकात नव्हतं."

कधी कळलं विचारलं. अकरा तारखेलाच, म्हणाली. म्हणजे मला माझी वस्ती दाखवली त्याच दिवशी. दोन्ही बशा तिच्या मोबाइलमध्ये होत्या, तिने मला एक दाखवली.

मग सगळं सांगत सुटली. तिने दादाला सांगितलं, तर दादा म्हणाला, निधीला आत्ता सांगू नको, ती बाळाला घेऊन बोरिवलीला आईकडे निघून जाईल, आधीच तिची आई रोज म्हणते ये म्हणून. आजीचं निघालंय तेवढं पुरे. आजी काय, आजी समजून घेईल. मी मलम लावतो गुपचूप. पण त्याने दोन दिवस लावलं आणि सोडलं, आणि बाळाच्या मानेत तोंड घालायचं काही सोडलं नाही.

"आणि तू?" मी विचारलं. "रविवारी तू तिथेच होतीस. मी विचारलं बाकी कोणाचं तपासलंत."

रडायला लागली. म्हणाली, "मला वाटलं तू एकटीच अशी आहेस जी कोणाला सोडून जाणार नाही."

हे खरं आहे. म्हणूनच फार लागलं. घरात ओझं कुठे ठेवायचं तर जी भिंत हलत नाही तिच्यावर खिळा मारतात. पण भिंतीला विचारतं कोण.

मी डोळे पुसायला पदर पण पुढे केला नाही. म्हटलं, मला सांगून काय उपयोग, बाबू माझ्या पोटचा नाही. जिला सांगायचं तिला सांग. आज, ते आले की, त्या दोघांसमोर. नाहीतर मी सांगेन, आणि मला एवढं चांगलं सांगता येणार नाही.

सांगितलं तिने. मी आत होते. निधीचा आवाज मी पहिल्यांदा एवढा मोठा ऐकला.

३० डिसेंबर, सोमवार

निधी बोरिवलीला गेली नाही. बॅग काढली होती, परत वर ठेवली. हर्षदला रात्री जेवायला वाढलं, पण बोलत नाही. दोन्ही वेळचं मलम ती स्वतः उभी राहून त्याला लावायला लावते, शाळेतल्या मुलाला दूध पाजतात तसं. बाळाला घ्यायच्या आधी त्याने हात धुवायचे आणि नाक मानेत नाही, कपाळावर पण नाही. डॉक्टर म्हणाले, आजींचा दोष तेवढाच, बाळाच्या बाबांचा पण तेवढाच, आणि दोष म्हणूच नका.

निधी माझ्या खोलीत आली. पायाशी बसली. म्हणाली, आजी, मला माहीत असतं तर मी तुमच्याकडे असं बघितलं नसतं. मी म्हटलं, तू तर बघितलंस तरी. बाकीच्यांनी ते पण केलं नाही.

मग तिने विचारलं, आठवडाभर थांबून परत न्हाऊ घालाल का. मी बघू म्हटलं. पण पाट त्याच संध्याकाळी घासला. जे आहे ते लिहायचं.

५ जानेवारी, रविवार

मार्गशीर्ष संपला, आज पहिले मासे. हर्षद सकाळी सहाला बाजारात जाऊन सरंगा आणि तिसऱ्या घेऊन आला. माफी मागायला येत नाही त्याला, त्याच्या आजोबांना पण यायची नाही. ते मिलमधून भांडण करून आले की असेच मासे आणायचे, आणि मी काय समजायचं ते समजायचे. पिशवी माझ्या हातात देऊन तो उभाच राहिला. मी म्हटलं, तिसऱ्या बघून घेतल्यास की सगळ्या मेलेल्या उचलल्यास. तेव्हा हसला. त्याच्यावरचा राग तिथेच अर्धा उतरला. त्याने लपवलं, भित्रट आहे, लहानपणापासून आहे.

दहा वाजता निधीने बाबूला आणून माझ्या मांडीवर दिलं. पुळ्या सुकल्यात, नुसते डाग आहेत. पंचवीस दिवसांनी हातात आला, जड झालाय. मला बघून आधी ओठ काढले, मग आठवलं असावं, हसला.

पाय लांब केले. तेल कोमट. तळहातावर घेतलं आणि हात आपोआप नाकाकडे निघाला. अर्ध्यावर थांबवला. निधीने वाटी घेऊन वास बघितला, ठीक आहे म्हणाली. तिला खवट कळतं की नाही देव जाणे, शिकवेन.

मग मानसी आली. तांब्या घेऊन, सलवार वर खोचून, रोज यायची तशी. पाण्यात हात घालून बघितलं. "ओतू ना, आजी?"

मी म्हटलं, "तू नको. निधी ओतेल."

ती तशीच उभी राहिली. मी ओरडले नाही, चेहरा पण वाकडा केला नाही. पण हर्षदने माझ्यापासून लपवलं, हिने माझा हात हातात धरून, माझ्याबरोबर हसून लपवलं. दोन्हीला एकच मलम लागत नाही. मी म्हटलं, जा, अभ्यास कर. बावीस वर्षांत तिला जा म्हटल्याचं मला आठवत नाही. तांब्या ठेवून गेली.

निधीची धार मोडकी पडते. कधी एकदम, कधी नाहीच. बाबू दोनदा दचकला. पण रडला नाही. मान धुतली, घडीघडीत बोट फिरवलं, जांघा, पायाची बोटं. हात काही विसरले नव्हते. पुसून, गुंडाळून निधीकडे दिला, तर तिच्या खांद्यावरच झोपला.

ऋतिकाला निरोप पाठवलाय, उद्यापासून येते म्हणून. नाकाची तपासणी परत झाली, साफ आहे, कागद मी स्वतः नीलमकडून वाचून घेतला.

जेवायला सगळे बसले, मानसी आली नाही. तिची खोली बंद. निधी बोलवायला उठली, मी बस म्हटलं. तिसऱ्यांचं सुकं तिला फार आवडतं, त्यातलं वाटीभर बाजूला काढलं, सरंग्याची मधली तुकडी, भात, सोलकढी. ताट वाढून वर ताट झाकलं, मुंग्या येतील म्हणून खाली पाणी घातलं परातीत.

बोलावलं नाही.